वन्सं, तुम्ही निवडलेला आरसा

वन्सं,

तुमचं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. पाहुणे गेले, मोठी पातेली ज्यांची त्यांना पोचली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. तुमचे भाऊ सकाळी मार्केट यार्डात कामाला जातात, संध्याकाळी येतात, जेवतात आणि अंगणात जाऊन बसतात. तुमचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. पण दुपारी शिलाईच्या मशिनीवरचं झाकण दिसलं की मला बोलावंसं वाटतं, आणि जे बोलायचं आहे ते ऐकायला तुम्हीच हव्या आहात. म्हणून शकूच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेतली आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, लिहायची सवय राहिलेली नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेही मला ठाऊक आहे. तरी लिहिते.

भेटायला आलेल्या बायका सगळ्या एकच बोलून गेल्या. सुटली बिचारी, म्हणाल्या. मी मान हलवत राहिले. मनात आलं, विचारावं यांना, की वन्सं कशातून सुटल्या? अंगावरच्या कोडातून, की आमच्यातून? विचारलं नाही. तोंडाशी आलेलं गिळायचं आणि गिळायचं ते बोलून टाकायचं, ही माझी खोड तुम्हाला नवी नाही.

मला आधी नगरचा तो दिवस लिहायचा आहे. तो तरी चांगला होता.

तिसगावचं शेत वाट्यानं लावून आपण शेवगावला आलो आणि दुष्काळाच्या आदल्या वर्षी हे घर बांधलं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मागं तुमची मशिनीची खोली आणि सगळ्यांना जोडणारा मधला लांबट बोळ. त्या बोळाची भिंत कोरी होती. तुमचे भाऊ म्हणाले देवाची तसबीर लावू, शकू म्हणाली कॅलेंडर लावू. तुम्ही तांदूळ निवडत होता. मान वर न करता म्हणालात, "तिथं आरसा लावा. आख्खा मानूस दिसंल आसा."

सोळा-सतरा वर्षांत तुम्हाला कुणी आरशात बघताना पाहिलं नव्हतं. वेणी हातानं चाचपून घालायचात. यांचा दाढीचा हाताएवढा आरसा खिडकीत असायचा, तोही मी तुम्ही आलात की उपडा करून ठेवायची. मला वाटायचं मी तुमच्या मनाला जपते आहे.

खरं कारण तुम्ही मला नगरच्या एस.टी.त सांगितलंत. मला वाटतं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतंत. गोदाकाठच्या तुमच्या सासरी जावेनं एक दिवस तुमची वेणी घालताना मानेवर, केसांच्या खाली, पांढरा डाग बघितला. ती तुम्हाला काही बोलली नाही. सासूला जाऊन सांगितलं. मग तुमचं ताट बाजूला पडलं, पाण्याचा तांब्या वेगळा झाला, दिराची पोरं तुमच्या मांडीवरून उचलली गेली. तुम्ही पंधरा दिवस विचार करत राहिलात की आपल्या हातून चुकलं काय. शेवटी तुमच्या वडिलांना बोलावणं गेलं आणि ते तुम्हाला घेऊन आले, तेव्हा वाटेत बैलगाडीत त्यांनी सांगितलं.

"घरातल्या गड्याला ठाव हुतं," तुम्ही म्हणालात, "मला न्हाई. तवापास्नं मनात हाय, आपल्या अंगावर काय हाय ते दुसऱ्यानं बघायच्या आदी आपल्याला दिसलं पायजे."

बाहेर करंजीचा घाट चालला होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तो उपडा आरसा आठवून मला माझीच लाज वाटली, पण ते मी बोलले नाही.

नगरच्या दुकानात भिंतीला टेकून ओळीनं आरसे उभे होते. मला लगेच एक पसंत पडला. लंबगोल, चौकटीवर कोरलेली फुलं, वरच्या बाजूला दोन मोर. बाहेरच्या खोलीतून दिसला असता तर शोभून दिसला असता. तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलात, दोन पावलं मागं गेलात, डावीकडं सरकलात, उजवीकडं सरकलात. "ह्यात मान वाकडी हुती," म्हणालात. मी बघितलं तर खरंच, तुम्ही हललात की काचेतली मान पाण्यातल्यासारखी हलत होती. दुकानदार म्हातारा होता, त्यालाही पटलं. मग त्याची नजर तुमच्या हातांवर गेली. त्यानंतर तो फक्त माझ्याशी बोलायला लागला. तुम्ही काचेला जिथं बोट लावलं होतं तिथं त्यानं फडकं फिरवलं.

तुम्ही ते बघितलंत. पुढच्या आरशाकडं गेलात आणि अख्खा तळहात काचेवर टेकवलात. त्यानं पुसलं. तुम्ही त्याच्या पुढच्याला हात लावलात. त्यानं तोही पुसला. असे चार आरसे झाले. मी कोपऱ्यात मेल्याहून मेल्यासारखी उभी होते, तुम्हाला पदराला धरून बाहेर न्यावं असं वाटत होतं. पाचव्या आरशाला तुम्ही हात लावलात तेव्हा तो फडकं हातात घेऊन नुसता उभा राहिला. तोच आरसा तुम्ही घेतलात. साधी सागवानी चौकट, कसलीही नक्षी नाही, पण काच अशी सरळ की त्यात दुकानाच्या फळ्या ताठ दिसत होत्या.

मी फुगले होते. पैसे तुमच्या शिलाईचे, आरसा तुमच्याकडून वास्तूला, त्यामुळं मला बोलायला जागा नव्हती, तरी बोललेच, की असला बोडका आरसा कोण लावतं. तुम्ही विचारलंत की फुलं बघायची आहेत की तोंड. कंडक्टर आरसा टपावर टाका म्हणाला, तर तुम्ही म्हणालात मग मलाही टपावर बसव. त्यानं ऐकलं. तुम्ही गोधडीत गुंडाळलेला आरसा दोन्ही गुडघ्यांत धरून शेवगावपर्यंत आलात. घाटातल्या वळणांना त्याला पोटाशी धरत होता. तिसगावच्या थांब्यावर ओळखीच्या बायकांनी विचारलं काय आणलं, तुम्ही म्हणालात, "मला आनलं." त्या हसल्या. मी मात्र तिसगाव येईपर्यंत तुमच्याशी बोलले नव्हते. आता त्या दुकानदाराचं फडकं आठवलं की मला हसू येतं, आणि हसता हसता पुढचं आठवतं.

सुतारानं आरसा तुमच्या उंचीला लावला. दोन दिवस तुम्ही त्याच्याकडं फिरकला नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, मी झोपले आहे असं समजून, त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिलात. मी दाराच्या फटीतून बघत होते, हे आज सांगते. तुम्ही पदर खाली घेतलात, दंड बघितले, गळा बघितला, पाठमोऱ्या होऊन मान वळवून जेवढं दिसेल तेवढं बघितलंत. बराच वेळ. मग स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ बसलात. मी डोळे चोळत उठल्याचं सोंग केलं.

"सुमन," तुम्ही म्हणालात, "मला वाटलं हुतं तेवढं न्हाई. लोकांच्या नजरंवरनं मी लई मोठं धरलं हुतं."

त्यानंतरचं वर्षभर घर कसं हलकं होतं. शकू शाळेला जाताना आरशापुढं उभी राहायची आणि तुम्ही मागून तिची वेणी ओढायचात. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका तिथं उभ्या राहून मापं बघायच्या, तुमच्या हाताच्या शिलाईची तारीफ करायच्या आणि तुमच्या हातचं पाणी मात्र घ्यायच्या नाहीत. तुम्ही त्यांना पाणी विचारायचात तरी. मी एकदा म्हटलं, कशाला विचारता? तुम्ही म्हणालात की आपण विचारायचं असतं.

शकू तुमचीच होती, हे मला कधी वेगळं सांगावं लागलं नाही. ती पाळण्यात असतानाच तुम्ही माहेरी परतलात. बारशाला आत्या म्हणून तुम्ही पुढं झालात तेव्हा बायका कुजबुजल्या, पण सासूबाईंनी कुणाचं ऐकलं नाही आणि शकूच्या कानात नाव तुम्हीच सांगितलंत. ती सहा महिन्यांची झाली आणि मला विषमज्वर आला. दीड महिना मी अंथरुणाला होते. त्या दीड महिन्यात शेळीचं दूध पाजून तुम्ही तिला जगवलीत, आणि मलाही. माझ्या आईनंसुद्धा तुमच्या हातचं खाऊ नकोस असा निरोप पाठवला होता. मी तुमच्याच हातची पेज पिऊन उठले. असं असूनही मी पुढं जे केलं ते केलं.

दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, लोक खडी फोडायच्या कामावर गेले, घरोघर रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी आल्या. शकूला अठरावं लागलं होतं. पाथर्डीकडची दोन स्थळं आली आणि बघायला न येताच फिरली. तिकडं सगळ्यांना ठाऊक होतं की या घरात कोड आहे. हा लागणारा रोग नव्हे, असं नगरच्या डॉक्टरांनी मागंच सांगितलं होतं, पण डॉक्टरांचं सांगणं घेऊन कुणाच्या दारात जाणार? मग माझ्या मामेभावानं काष्टीचं स्थळ आणलं. मुलगा साखर कारखान्यात कायम नोकरीला. घरात आई आणि तो. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, तिकडं आपली ओळखदेख कुणाची नाही. मला ते स्थळ देवानं धाडल्यासारखं वाटलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला म्हटलं की उद्या तिसगावला जाऊन शेताकडं बघून येता का? दुष्काळात शेताकडं बघण्यासारखं काय होतं? तुम्ही मशिनीवर होता. पाय थांबले. माझ्याकडं बघितलंत आणि तुम्हाला सगळं कळलं. रागावला नाहीत. म्हणालात, मी मागच्या खोलीतून हलणार नाही, पण घरातच राहू दे, पोरगी कशी दिसते तेवढं बघू दे. मी हो म्हटलं. तेवढं हो म्हटलं म्हणून मला वाटलं मी फार मोठं मन केलं.

दुसऱ्या दिवशी तिघं आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचे मामा. विहीणबाईंना खुर्ची दिली, ती बोळाच्या दारासमोर होती. शकू हिरवं लुगडं नेसून आली, अंगात तुम्ही रात्रंदिवस बसून शिवलेला ब्लाउज. खाली बसली. नाव विचारलं, शाळा विचारली, स्वयंपाकातलं काय येतं ते विचारलं. ती नीट बोलत होती. तेवढ्यात विहीणबाईंची नजर शकूच्या डोक्यावरून पलीकडं गेली आणि तिथंच राहिली. मी वळून बघितलं. बोळातल्या आरशात मागच्या खोलीचं दार दिसत होतं, आणि दारात तुम्ही. पदर तोंडाशी धरलेला, तरी हनुवटी आणि डावा गाल उघडा होता. तुम्ही आमच्याकडं बघत नव्हता. शकूकडं बघत होता.

"आत कोन हाय?" विहीणबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

तुमच्या भावानं तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही. त्यांच्या आधी मीच बोलले.

"कामवाली बाई हाय. भांड्याला येती."

शकूची मान खाली होती ती आणखी खाली गेली. यांनी चहाची बशी उचलली आणि तशीच ठेवली. आरशात आता फक्त दार होतं. थोड्या वेळानं परसातून भांड्यांचा आवाज यायला लागला. वन्सं, सकाळीच मी सगळी भांडी घासून ठेवली होती. तुम्ही ती घासलेली भांडी उचलून मोरीवर नेलीत आणि पुन्हा घासायला बसलात. पाणी वाया घालवायचे दिवस नव्हते, म्हणून नुसती राख लावून फडक्यानं पुसत होता. खाणं झाल्यावर विहीणबाई हात धुवायला मागं आल्या तेव्हा तुम्ही पदर पुढं ओढलात आणि कामवाली सरकते तशी अंग चोरून बाजूला सरकलात. मी पाणी घालत होते. तांब्या माझ्या हातातून पडला नाही, याचंच मला आज नवल वाटतं.

लग्न त्याच बैठकीत ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी परसात आले. माफी मागायला आले होते असं मला वाटत होतं. पण तोंडातून पहिलं निघालं ते हे, की तुम्हाला दारात उभं राहायला कुणी सांगितलं होतं?

तुम्ही हातातलं पातेलं खाली ठेवलंत. "उभी ऱ्हायले ही माजी चूक," म्हणालात. "पन नणंद हाय, आजारी हाय, आसं काईबी सांगता आलं आसतं. तू तेच का सांगितलंस?"

मी म्हटलं, आलं तोंडातून. तुम्ही पातेलं पुन्हा उचलून पुसलंत. मग म्हणालात, आलं ते आलं, आता तेच चालू दे, पोरीचं नीट होतंय. म्हणजे ती कामवाली बाई तुम्ही पुढं निभावून न्यायचं ठरवलंत, आणि मी तुम्हाला नको म्हटलं नाही. त्या रात्री तुमचे भाऊ जेवले नाहीत. तुम्ही जेवलात, मला बरं वाटावं म्हणून.

साखरपुड्याला पाहुणे पुन्हा येणार होते. दुसऱ्याच दिवशी मी सुताराकडून आरसा उतरवून घेतला आणि धान्याच्या पिंपामागं भिंतीकडं तोंड करून ठेवला. तुम्ही बाहेरून आलात तर भिंतीवर चार खिळे. "आरसा बोलला न्हवता, सुमन," एवढंच म्हणालात. आठ दिवस आपण बोललो नाही. पुढं बोलायला लागलो तेव्हा मिठामिरचीचं बोललो, पाण्याच्या टँकरचं बोललो, लग्नाच्या तयारीचं बोललो. ते भांडण तसंच राहिलं. नंतर एकदा तुम्ही विचारलंत की आता लग्न झालं, आरसा लावायचा का? मी म्हटलं शकू पहिल्यांदा माहेरी येऊन जाऊ दे, तिच्याबरोबर कोणी येईल. ती येऊन गेली. मग म्हटलं बाळंतपण होऊ दे. बाळंतपणही झालं. बारशाला काष्टीची मंडळी येणार म्हणून तुम्ही न सांगता आपण होऊन तिसगावला गेलात. तुम्ही परत विचारलं नाहीत.

लग्न दुष्काळामुळं थोडक्यात केलं. तुम्ही चार दिवस चुलीपुढून उठला नाहीत. मांडवात जायच्या आधी शकू मागच्या दारानं तुमच्या पाया पडायला आली, तेव्हा तुम्ही पाय मागं घेतलेत. कुणी बघेल, म्हणालात. निघताना विहीणबाईंनी तुम्हाला बोलावून एक लुगडं दिलं. कामवालीचं लुगडं. तुम्ही हात पदराखाली झाकून ते घेतलंत आणि वाकलात. मला वाटलं तुम्ही ते कुणाला देऊन टाकाल. दुसऱ्या दिवशी तुम्ही तेच नेसून मशिनीवर बसला होता. काठ हातात धरून म्हणालात, "सूत चांगलं हाय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुमच्यासमोर रडायला हवं होतं.

यंदा पावसाळ्यात तुम्हाला कावीळ झाली. आधी आम्ही साधा ताप समजलो. गावातल्या डॉक्टरांचं औषध दिलं, तिसगावची एक बाई काढा द्यायची तो दिला. तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडून असायचात. एक दिवस मला म्हणालात, माझे डोळे पिवळे झालेत का गं? तुमचे डोळे हळदीसारखे होते, वन्सं. मी म्हटलं नाही, काही नाही. तुम्ही यांचा दाढीचा आरसा मागितलात. मी म्हटलं तो फुटला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "तू मला खरं सांगनार न्हाईस," म्हणालात. रागानं नाही. एखाद्याला ओळखतो आपण, तसं. आणि माझा हात धरून ठेवलात. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

यांनी काष्टीला तार करायला पोस्टात माणूस पाठवायचं म्हटलं. मी अडवलं. तारेत काय लिहिणार होतो? आत्या गेली असं लिहिलं तर ती तार तिथं दहा जण वाचणार. कामवाली गेली असं लिहून कुणी लेकीला तार करत नाही. म्हणून तार केलीच नाही. ज्या पोरीला तुम्ही शेळीच्या दुधावर वाढवलीत तिला तुमचं शेवटचं तोंड मी बघू दिलं नाही. हे दुसरं. पहिलं निदान विचार न करता झालं होतं.

दहाव्यानंतर तुमचे भाऊ मला न सांगता सकाळच्या गाडीनं काष्टीला गेले आणि संध्याकाळी परत आले. काय बोलले ते सांगितलं नाही. तेराव्याला शकू आली, बाळाला घेऊन. तिच्यामागून विहीणबाई उतरल्या.

त्या बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ खाली बसल्या. शकू कोपऱ्यात बसली, कोरड्या डोळ्यांनी, परक्याच्या घरी बसावं तशी. आम्हीच तिला तसं शिकवलं होतं. बायका जरा पांगल्यावर विहीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. कामवाली बाई दाराआडून पोरीकडं आसं बघत न्हाई."

मी विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत?

"खरं सांगू? मलाबी बरं पडलं," त्या म्हणाल्या. "नणंद हाय म्हनला आसता तर मला भावकीला इचारावं लागलं आसतं, आनि भावकी नको म्हनली आसती. पोरगी मला पसंत हुती. तुमी कामवाली म्हनालात, मी कामवाली मानली."

म्हणजे तुम्ही पदर ओढून भांडी घासत होता तेव्हा तुम्ही खऱ्या कोण आहात हे विहीणबाईंनाही ठाऊक होतं, आणि आम्ही सगळेच गप्प होतो. मग विहीणबाईंनी विचारलं, "नाव काय हुतं त्यांचं?"

मी म्हटलं, चंद्रभागा. यांची थोरली बहीण. शकूची आत्या. शकूचं नाव त्यांनीच ठेवलं.

शकू तेव्हा रडली. मोठ्यानं, बाळ घाबरून उठेपर्यंत. विहीणबाईंनी बाळाला घेतलं आणि माझ्याकडं बघितलं नाही.

जायच्या आधी शकूनं आरसा कुठं आहे विचारलं. पिंपामागं जाऊन बघून आली. दोन पावसाळ्यांची ओल मागून चढली आहे, पारा सुटून काळे डाग पडले आहेत. लावण्यासारखा राहिलेला नाही. तिनं तो तसाच ठेवला.

चार वाक्यं होती, वन्सं. बोलायला श्वासभर वेळ लागला, आणि विहीणबाई उठून गेल्या नाहीत. लोक म्हणतील, मग आधीच बोलली असतीस तर? पण ते इतकं सोपं नाही. आधी बोलले असते तर भावकीनं नको म्हटलं असतं, त्या स्वतःच म्हणाल्या. शकू तिथं सुखात आहे, बाळ गुटगुटीत आहे. तेव्हा या चार दिवसांत मी स्वतःला एकच विचारते आहे. तो दिवस पुन्हा आला, ती खुर्ची तिथंच असली, तुम्ही दारात उभ्या असलात आणि त्यांनी विचारलं आत कोण आहे, तर मी काय म्हणेन?

तुम्ही जाताना मला म्हणालात की मी तुम्हाला खरं सांगणार नाही. आज सांगते. मला वाटतं मी तेच म्हणेन.